बिराजदारला विचारा

माझं शिक्षण मराठी चौथी, तेही वार्षिक परीक्षेला न बसता. हे आधीच सांगून टाकतो. लिखाण माझं आहे, नातीनं फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलंय. शब्द बदलायचा नाही असं तिला बजावलं होतं, तरी दोन ठिकाणी तिनं शहाणपणा केलाच. ते मी परत होतं तसं करून घेतलं.

मी सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजात लाइनमन होतो. गाव कुंभारी, नोकरी सोलापुरात, सायकल स्वतःची. हल्ली फोन हवेतनं येतो, त्यामुळं आमचं काम काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या वेळचा फोन म्हणजे तांब्याच्या दोन तारा. त्या दोन तारांना आम्ही जोडी म्हणायचो. प्रत्येक फोनची एक जोडी एक्स्चेंजातनं निघून गिऱ्हाइकाच्या भिंतीपर्यंत जायची, पण एका दमात नाही. एक्स्चेंजातनं शेकडो जोड्यांची एक जाड केबल निघायची आणि पेठेच्या तोंडाशी रस्त्याकडेला एक लोखंडी पेटी उभी असायची, तिच्यात यायची. त्या पेटीतनं बारीक केबली खांबावर, आणि खांबावरनं तार घरात. म्हणजे पेटीच्या एका अंगाला एक्स्चेंजकडनं आलेल्या जोड्या, दुसऱ्या अंगाला घराकडं जाणाऱ्या, आणि मधे कुठली कुठलीला बांधायची ते आम्ही बारीक तारेनं बांधायचो. कुणाचा फोन कुठल्या जोडीवर चाललाय हे ज्याला ठाऊक, तो पेटीचा मालक. कागदोपत्री मालक सरकार होतं, ते ठीक. भवानी पेठेच्या पेटीचा खरा मालक मी होतो.

याचं एक रजिस्टर असायचं. पण पावसात एखादी जोडी ओली झाली, खरखर सुटली, की तो फोन दुसऱ्या जोडीवर सरकवायला लागायचा. पेटीतलं एक टोक बदलायचं, एक्स्चेंजातलं एक टोक बदलायचं, फोन चालू. रजिस्टरात लिहायचं असतं, पण हाताला चिखल लागलेला असताना वही कोण उघडतो? माझ्या डोक्यात सगळं बसलेलं होतं. साहेब लोक बदलून यायचे, बदलून जायचे, आणि भवानी पेठेतला कुठलाही फोन बंद पडला की प्रत्येक साहेबाच्या तोंडी एकच वाक्य यायचं, "बिराजदारला विचारा."

हे वाक्य ऐकायला मला लई आवडायचं. एकदा मेव्हण्याच्या लग्नात पंगतीला बसलो होतो, पहिला घास हातात होता, आणि मांडवाच्या दारात जीप येऊन थांबली. साऱ्या पाव्हण्यांच्या देखत ड्रायव्हर म्हणाला की साहेबांनी बोलावलंय, तुमच्याशिवाय होत नाही. बायकोनं पुढं आठ दिवस अबोला धरला. मी मात्र त्या दिवशी जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून गेलो.

आता धंद्यातली एक आतली गोष्ट सांगतो. तेव्हाचे आम्ही जुने लाइनमन दोन-चार चांगल्या जोड्या दाबून ठेवायचो. जोडी धडधाकट असायची, पण रजिस्टरात ती मेली असं लिहवून घ्यायचं. मेलेल्या जोडीला कुणी हात लावत नाही. मग कधी सगळ्या जोड्या भरल्या, साहेब डोक्याला हात लावून बसले, की आपण पेटीत हात घालायचा आणि पाच मिनिटांत फोन वाजवून दाखवायचा. लोक म्हणायचे, बिराजदारच्या हाताला गुण हाय. माझ्याबरोबर कामाला इमामसाब होता, त्याला हे ठाऊक होतं. तो हसून म्हणायचा, "सिद्राम, तेरे मुर्दे बाताँ करतेइ रे." तुझे मेलेले बोलतात रे, असं.

असं सगळं बरं चाललं होतं, आणि पद्मा गाजूल आली.

सत्तर साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. ती आमच्याकडं तात्पुरती कारकून म्हणून लागली. मॅट्रिक झालेली, विशी-बाविशीची, घरी तेलुगू बोलणारी. वडील चादरीच्या कारखान्यात कामाला. बोलायला मऊ, पण एक गोष्ट विचारायला लागली की उत्तर मिळेपर्यंत हलायची नाही. पहिल्याच आठवड्यात रजिस्टर घेऊन माझ्याकडं आली. म्हणाली, "मामा, हा बाराव्या जोडीवरचा फोन खरंच बाराव्या जोडीवर आहे का?"

मी म्हणालो, "फोन लागतोय न्हवं? मग झालं की."

झालं नाही. तिनं पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं कापून घेतली आणि एका जोडीला एक असं कार्ड लिहायला घेतलं. वर जोडीचा नंबर, खाली फोन कुणाचा, खांब कुठला, कधी बिघडला, काय होऊन बिघडला. भर उन्हात छत्री धरून पेटीपाशी येऊन उभी राहायची. साहेबांनी तिला विचारलं की हे तुम्हाला सुचलं कसं. आमचे साहेब फडतरे, माणूस चांगला, पण नवं काही दिसलं की लहान मुलासारखा खूश होणारा. ती म्हणाली, "आमचे नान्ना मागावर नक्षीचे पत्ते ओवतात साहेब. भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते. चादरीवर जो मोर येतो तो सगळा त्या पत्त्यांत असतो. एक पत्ता मागंपुढं झाला की मोराची मान शेपटीला लागते." नान्ना म्हणजे तिचे वडील. साहेबांनी हे वाक्य आल्यागेल्याला सांगितलं. मला तर एका महिन्यात सहा वेळा सांगितलं.

मला मत्सर वाटला. दुसरा शब्द शोधत नाही. वीस वर्षं मी खड्ड्यात उतरून, गुडघे ओले करून जे डोक्यात भरलं होतं, ते ही पोरगी खुर्चीवर बसून एका लाकडी कप्प्यात भरत होती. आणि एक दिवस एक फोन बंद पडला, मी साहेबांच्या समोर उभा होतो, हात लांब केला तर त्यांच्या सदऱ्याला लागला असता, आणि साहेब म्हणाले, "गाजूलबाईंना विचारा."

पुढं पुण्याहून तपासणीला मोठे साहेब आले. त्यांनी कप्पा उघडून बघितला, कार्डं वरखाली करून बघितली, लिहून घेतलं, बाईचं कौतुक केलं. माझं डोकं बघायला पुण्याहून कुणी आलं नाही. त्या दिवसापासनं मी तिला निम्मं सांगायला लागलो. खोटं बोललो नाही. विचारलं तेवढ्याचं निम्मं उत्तर द्यायचो आणि सायकलवर टांग मारायचो.

आता दोन गिऱ्हाइकं सांगतो, कारण पुढं त्यांच्यावरच आलं. भवानी पेठेत सुताचे दोन व्यापारी होते. दोघांची दुकानं समोरासमोर, दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद. एक म्हमाणेअप्पा. हे फोनवर एवढ्या मोठ्यानं बोलायचे की त्यांना तारेची गरज आहे का, अशी मला शंका यायची. दुसरे बत्तुलशेठ, तेलुगू, हळू बोलणारे, तक्रार करायची तरी आधी चहा पाजणारे. म्हमाण्यांचा फोन बाराव्या जोडीवर होता, ती पावसाळ्यात खरखरायची. बत्तुलांचा एकतिसाव्या जोडीवर, ती सोन्यासारखी. दर पावसाळ्यात म्हमाण्यांचं ओरडणं ऐकून मी कंटाळलो आणि एक दिवस दोघांची अदलाबदल करून टाकली. म्हमाण्यांना एकतीस दिली, बत्तुलशेठना बारा. चहा पाजणारा माणूस खरखर सहन करील असा माझा हिशोब. रजिस्टरात लिहिलं नाही. पुढं बाईनं कार्डं केली तेव्हाही मी गप्प बसलो. कार्डावर म्हमाणे बारावरच राहिले.

मग तो ट्रक आला. सुताचे गठ्ठे भरलेला ट्रक मागं घेताना ड्रायव्हरनं पेटीवर घातला. पेटी आडवी, आतल्या तारांचा भुगा, सगळी पेठ मुकी. केबली वाचल्या होत्या, पण पेटी नवी बसवून आतलं सगळं पहिल्यापासनं बांधायला हवं होतं. साहेब पेटीपाशी आले. मी म्हणालो, दहा दिवस लागतील, सगळं आठवून बांधायला पाहिजे. मनातनं मी खूश होतो. म्हटलं, आता कळेल कार्ड मोठं का डोकं मोठं.

साहेब म्हणाले, "आठवायचं कशाला, कार्डं आहेत की. बाई एक्स्चेंजातनं वाचतील, तुम्ही बांधा. तीन दिवसांत उरका."

बांधून झालं की प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन लावून, तुमचा नंबर कुठला, असं विचारून खात्री करायची असते. तेही साहेबांनी घाईत शेवटावर ढकललं, आणि ते राहूनच गेलं.

तर मी पेटीपुढं उकिडवा, कानाला कामाचा फोन, शेजारी तारांचं भेंडोळं घेऊन इमामसाब. तिकडनं ती वाचायची, इकडं मी बांधायचो. वीस वर्षं ज्या पेटीला मी कुणाला हात लावू दिला नाही, तिच्यात आता मी सांगकाम्या. पहिल्याच दिवशी बारावी जोडी आली. तिनं नंबर वाचला आणि थांबली.

"मामा, बारा आणि एकतीसमध्ये काही वेगळं आहे का? म्हमाण्यांच्या पावसातल्या तक्रारी एकदम थांबल्यात, आणि तेव्हापासनं बत्तुलांच्या सुरू झाल्यात. तुम्ही अदलाबदल केली होती का?"

जुन्या वहीतनं कार्डावर उतरवलेल्या तक्रारी वाचून तिनं ते हुडकलं होतं. पेटी न उघडता, पाऊस न खाता. तिला स्वतःला एक्स्चेंजातलं टोक बघता आलं असतं, पण त्यासाठी शिडीवर चढून तारांच्या जंगलातनं एक तार हातानं ओढत जायला लागतं, आणि तिच्याजवळ त्या दिवशी माणूस नव्हता. होता तो मीच.

मी म्हणालो, "जे लिहिलंय ते वाचा बाई. मी तेच बांधतो."

"मामा, मी विचारतेय."

"मी बी सांगितलंय की."

तिनं पुन्हा विचारलं नाही. मग वाचलं, म्हमाणे बारा. मी बांधलं. एकतीस आली, बत्तुल, तीही बांधली. कार्डाबरहुकूम. पेटीत कार्डाप्रमाणं आणि एक्स्चेंजात माझ्या जुन्या अदलाबदलीप्रमाणं, म्हणजे म्हमाण्यांचा नंबर आता बत्तुलांच्या दुकानात वाजणार आणि बत्तुलांचा म्हमाण्यांच्या. हे बांधताना मला पक्कं ठाऊक होतं.

तीन दिवसांत पेठ बोलायला लागली. साहेबांनी पेढे आणले आणि पहिला पेढा बाईला दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईच्या दलालाचा ट्रंक कॉल म्हमाण्यांच्या नंबरावर आला आणि बत्तुलशेठच्या दुकानात वाजला. दलालानं पलीकडं कोण आहे हे न विचारता सुताचा भाव सांगून टाकला. बत्तुलशेठ हळू बोलणारे, ते फक्त हं म्हणाले. दुपारपर्यंत त्यांनी माल उचलला होता. संध्याकाळी म्हमाणेअप्पा एक्स्चेंजात येऊन उभे राहिले. त्यांना सगळं समजलं होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. बाई त्यांची, शेठ त्यांचा, भाषा एक, असं ते साऱ्या ऑफिसापुढं म्हणाले. बाईनंच तारा फिरवल्या असं त्यांनी लेखी दिलं.

फोनांची अदलाबदल तासाभरात दुरुस्त झाली. कार्डावरचं काम होतं, त्यामुळं चूक कार्डाची, असं सगळे धरून चालले. पण अर्ज राहिला. साहेबांनी बाईकडनं दोन दिवसांत लेखी खुलासा मागितला. ती तात्पुरती होती. खुलासा पटला नाही तर नोकरी गेली, वर डाग लागला, मग दुसरीकडं कोण घेणार? तिच्या घरात पगार घेऊन येणारी माणसं दोनच, ती आणि वडील. हे सगळं ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही.

पहिल्या रात्री मी पोटभर जेवलो. खरं तेच लिहायचं म्हणून लिहितोय. दुसऱ्या दिवशी सकाळी इमामसाबनं मला विडी दिली नाही. पेटी बांधताना त्याला फोनवरचं निम्मंच, माझ्या बाजूचं बोलणं ऐकू आलं होतं, पण निम्म्यावरनं त्याला कळायचं.

दुपारी जेवायच्या सुट्टीत ऑफिस रिकामं झालं तसा मी तिच्या कप्प्यापाशी गेलो. इतक्या दिवसांत त्या कप्प्याला मी बोट लावलं नव्हतं. बारा आणि एकतीसची कार्डं खिशात घालायची असं ठरवलं होतं. कार्डच नाही म्हटल्यावर चूक माझी का तिची, कोण ठरवणार? यात तिचीही सुटका आहे असं मी मनाला पटवून आलो होतो.

बारावं कार्ड काढलं. निळ्या शाईत सगळं नीटस. खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीतरी होतं. मला वाचायला वेळ लागतो, पण माझं नाव मी अंधारातही वाचीन. "बिराजदारमामांना विचारणे." एकतीस काढलं. तेच. मग मी मेलेल्या जोड्यांची कार्डं काढली. जिथं जिथं मी जोडी दाबून ठेवली होती, तिथं तिनं मेली असं लिहिलंच नव्हतं. जागा कोरी आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं, "बिराजदारमामांना विचारणे." सत्तेचाळीस, अठ्ठावन्न, त्र्याऐंशी. माझे सगळे मुर्दे तिनं मोजून ठेवले होते आणि साहेबांना एक अक्षर सांगितलं नव्हतं.

मान वर केली तर ती दारात उभी होती, हातात धुतलेला डबा.

मी विचारलं, "तू मला फोनवर इचारलं होतंस, हे सायबाला का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलेय. संध्याकाळपर्यंत मुदत आहे."

"आन न्हाई सांगितलं तर?"

ती म्हणाली, "तर कार्ड चुकलं होतं. कार्ड माझं आहे मामा."

मी दोन्ही कार्डं घेतली आणि साहेबांच्या खोलीत गेलो. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. अदलाबदल कधी केली, का केली, तिनं विचारलं होतं, मी उत्तर दिलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "ठाऊक असताना बांधलंत?"

"व्हय."

"का?"

मी म्हणालो, "साहेब, तुमी माझ्यासमोर म्हणालात, गाजूलबाईंना विचारा."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "बिराजदार, हे कारण मी कुठल्या रकान्यात लिहू?"

माझी बदली टेंभुर्णीला झाली आणि दोन वर्षांची पगारवाढ थांबली. बाईवरचा अर्ज निकाली निघाला, पुढं ती कायम झाली. जायच्या आधी चार दिवस साहेबांनी मला तिच्यापुढं बसवलं. मी सांगायचं, तिनं लिहायचं. एकेका कार्डावरची पेन्सिल ती खोडरबरानं पुसायची आणि शाईनं लिहायची. माझं नाव असं एकेका कार्डावरनं जाताना मी बघत होतो. शेवटच्या दिवशी, बाकीचे मुर्दे सांगून झाल्यावर, सत्तेचाळिसावं कार्ड आलं.

"सत्तेचाळीस मामा?"

"ती मेली."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं बघितलं. तिनं खोडरबर उचलला नाही, शाईचा पेनही नाही. कार्ड होतं तसं कप्प्यात ठेवलं.

टेंभुर्णीला फोन थोडे, खांब लांब लांब. तिथं मी एका रिकाम्या बिस्किटाच्या डब्यात कार्डं केली. एका जोडीला एक. अक्षर वाकडं, पण एकही फेरफार लिहायचा राहिला नाही. जे तारेत आहे तेच कागदावर पाहिजे, आमच्या धंद्यातलं सगळं ज्ञान एवढंच आहे, आणि ते मला एका पोरीकडनं शिकायला लागलं. हे मी कुणाला सांगितलं नाही. डब्यावर झाकण असायचं.

मी रिटायर झालो. नंतर कार्डांचा जमाना संपून ऑफिसात कॉम्प्युटर आला. एक दिवस शेजारच्या फोनवर माझ्यासाठी फोन आला. पलीकडचा आवाज कोवळा होता. म्हणाला, "आजोबा, भवानी पेठेच्या सत्तेचाळीस नंबरच्या जोडीपुढं कॉम्प्युटरात तुमचं नाव येतंय. तुम्हाला विचारणे असं लिहिलंय. ती जोडी चांगली आहे का?" कुणीतरी कार्डावरची पेन्सिलसुद्धा जशीच्या तशी त्या मशिनीत उतरवली होती. मी म्हणालो, आठवत नाही. फोन ठेवला आणि दिवसभर घरात कुणाशी वाकडं बोललो नाही.

आता ती पेटी नाही, ती केबलही नाही. जमिनीतनं उपसली आणि तांब्याच्या भावानं गेली. गाजूलबाई जोड्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या विभागाच्या मुख्य होऊन रिटायर झाल्या असं ऐकलं. कार्डांचं नाव निघालं की अजून त्यांचंच नाव घेतात, आणि मला अजून ते सोसत नाही, हेही लिहून ठेवतो. पण दिवाळी अंक तुम्ही वाचता हे मला ठाऊक आहे बाई. म्हणून सांगतो. सत्तेचाळिसावी जोडी चांगली होती. पहिल्या दिवसापासनं चांगली होती. तेवढं शाईनं लिहा.

पेन्सिलीचं राहू द्या.